वीस खणांचा वाडा

ठेकेदाराने भिंतीवरून हात फिरवला, बोटाने दोन ठिकाणी टकटक केले आणि म्हणाला, "ग्रॅनाइट आहे. भाव चांगला येईल."

एप्रिलचा शेवट होता. परीक्षा संपवून, पेपर तपासून आम्ही पुसदहून गावी आलो होतो. ढाणकीहून पैनगंगेकडे जाताना काळ्या रानात आमच्या दादांचे गाव लागते. गावात दादांच्या वडिलांनी बांधलेला दगडी वाडा आहे. आता तिथे कोणी राहत नाही. चाचाजान मुलांकडे शहरात असतात, आम्ही भावंडे नोकऱ्यांच्या मागे पांगलो. ढाणकी वाढत वाढत नगरपंचायत झाली, पण आमचे गाव आहे तेवढेच राहिले. वाड्याचा दरवाजा वर्षातून दोनदा उघडतो, ईदला आणि पेरणीच्या आधी. यंदा तो तिसऱ्यांदा उघडला. चाचाजानच्या मुलांनी ठेकेदार आणला होता. शहराजवळच्या हॉटेलांना आणि फार्महाऊसना जुना घडीव दगड लागतो, जुने सागवान त्याहून जास्त लागते. वाडा पाडायचा, लॉऱ्या भरायच्या, रिकामी जागा वाटून घ्यायची, असा बेत होता.

आमच्यासोबत ढाणकीचे एक म्हातारे गवंडी होते. छताची दुरुस्ती किती लागेल ते पाहायला आम्ही त्यांना आणले होते. ठेकेदार गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "सर, हे काळं फत्तर हाय. याला ग्रॅनाइट कोण म्हणलं? ग्रॅनाइट पाहाचं असंल तं नदीपल्याड जा."

गवंड्यांचे बरोबर होते. आपल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्यावर काळी, चकचकीत फरशी बसते. तिला आपण ग्रॅनाइट म्हणतो, म्हणून कोणताही काळा कठीण दगड दिसला की तोच शब्द तोंडात येतो. गंमत अशी की बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारे पुष्कळ दगड भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतातच. आमच्या वाड्याचा दगड बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला आणि हवेत लवकर थंड झाला. लवकर थंड झाल्यामुळे त्याचे कण इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. सगळा दगड एकच काळपट राखाडी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडावर उभा आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली आहेत आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवराच्या जोडीला तोच दगड आहे. आपली कापसाची काळी मातीही त्याच दगडाची झीज होऊन झालेली. म्हणजे शेत आणि घर एकाच दगडाचे.

ग्रॅनाइटची गोष्ट उलटी. तो जमिनीच्या पोटात खोल, फार सावकाश थंड होतो. त्याला वेळ मिळतो म्हणून त्याचे कण मोठे होतात, तांबूस, पांढरे, काळे, ज्वारीच्या दाण्यांसारखे वेगवेगळे दिसतात. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात शिरले आणि देगलूर-बिलोलीकडे गेले की लाव्ह्याचे थर संपतात आणि खालचा हा जुना खडक उघडा पडतो. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास धरतात. आमची फुफी देगलूर तालुक्यात दिलेली. लहानपणी तिच्या शेतातल्या एकावर एक ठेवल्यासारख्या गोल शिळा पाहून आम्हाला वाटायचे, एवढे मोठे दगड कोणी रचले असतील?

पण आधी वाडा.

वाड्याचे तोंड पूर्वेला आहे. मोठा सागवानी दरवाजा, त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरल्यावर ढाळज, दोन्ही बाजूंना ओटे. ढाळजेतून सरळ चौकात जाता येत नाही. समोर भिंत येते आणि उजवीकडे वळावे लागते. रस्त्यावरच्या माणसाला आतले अंगण दिसू नये म्हणून ही योजना. पडद्यासाठी आमच्या लोकांनीच हे काढले, असे आम्हाला लहानपणी वाटायचे. पुढे देशमुखांचे, पाटलांचे वाडे पाहिले, तेव्हा कळले की सगळ्यांच्या ढाळजा अशाच वळतात. ओटे बाहेरच्यांसाठी. गडी, सौदागर, पाऊस आला म्हणून थांबलेला वाटसरू, सगळे इथेच बसत आणि पाण्याचा तांब्या इथेच येई.

चौकाभोवती चार बाजू. उत्तरेला सहा खण, दक्षिणेला सहा, पूर्वेला चार, पश्चिमेला चार, असे एकूण वीस. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. जुने लोक घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. आमच्या वाड्याचा एक खण साडेपाच फुटांचा भरतो. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

बाहेरची भिंत अडीच हात जाड. आतून आणि बाहेरून घडीव दगड, मधे लहान दगड आणि माती. दोन्ही अंगे वेगळी होऊन फुगू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर एक लांब दगड आरपार घातलेला. गवंड्यांनी तो दाखवेपर्यंत इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणालाही तो दिसला नव्हता. खालचे जोते चुन्यात बांधलेले. चुना बैलाच्या घाणीत मळत, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालत. दगड वडारांनी खाणीतून काढून घडवला. नीट पाहिले तर प्रत्येक दगडावर टाकीचे घाव दिसतात, काहींचे तिरपे, काहींचे उभे. दोन माणसांच्या हाताची वळणे वेगळी असणार. वर्गात वह्या तपासताना अक्षरावरून मूल ओळखू येते, तसेच हे. काही दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आहेत. त्यांना जिओलाइट म्हणतात. आमच्या आधीच्या पिढीतल्या मुलांनी खिळ्यांनी त्यातले बरेचसे उकरून नेले आहेत आणि खरे सांगायचे तर आम्हीही नेले आहेत.

भिंती दगडाच्या असल्या तरी घर उभे आहे लाकडावर. प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा, कारण सागवान जमिनीला टेकले की वाळवी लागते. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी किलचन, तिच्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचे माळवद. ही पांढरी माती शेतातली चालत नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाची, खारी माती लागते. तिच्यात गवत उगवत नाही, चिरा कमी पडतात आणि पाणी लवकर आत उतरत नाही. गावोगावच्या गढ्या याच मातीपायी संपल्या, लोकांनी टोपल्या भरभरून नेल्या. आमच्या गावची गढीही आमच्यासारख्यांच्या माळवदांवरच चढली असावी. दर मृगाआधी नवा थर टाकावा लागतो, पन्हळी साफ कराव्या लागतात. चार वर्षे हे केले नाही तर पाणी तुळयांपर्यंत पोहोचते. आमच्या वाड्याला कोणी हात लावला नाही, असे आम्ही अभिमानाने सांगत होतो. गवंडी म्हणाले, हात लावला नाही हेच चुकले.

उत्तरेच्या बाजूला, अगदी मधे, बळद आहे. भिंतीतच बांधलेली, खिडकी नसलेली धान्याची खोली. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या लहान तोंडातून काढायचे. बळदीच्या पुढच्या ओसरीत जाते आणि त्यासमोर जमिनीत पेव. आता पेव दगडाने झाकलेले आहे. ज्वारीचे पेव भरले की तोंड शेणमातीने लिंपत. आतली हवा संपली की किडे मरत आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिके. हेच पेव माणसाच्या जिवावरही उठे. उघडल्याबरोबर आत उतरले तर माणूस गुदमरून मरतो, म्हणून दादा आधी दोरीला कंदील बांधून सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी पेवात कोणी उतरायचे नाही. कार्बन डायऑक्साइडचा धडा शिकवताना आम्ही आजही हाच कंदील मुलांना सांगतो.

पश्चिमेच्या भिंतीत एक उंच ताक आहे, कमानीचा. दादी तिथेच जानमाज अंथरत. भिंत बरोबर किब्ल्याकडे आहे, म्हणून त्या खोलीत दिशा कधी कोणाला विचारावी लागली नाही. ताकाच्या कडेला दगडात कमळाची पाकळी कोरलेली. घडवणाऱ्याला जे येत होते ते त्याने घडवले आणि ज्यांनी घडवून घेतले त्यांना ते आवडले. दादींनी त्या पाकळीवर कायम तसबीह अडकवलेली असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुफीला भेटायला निघालो. निमित्त भेटीचे होते, पण मनात दुसरे होते.

ढाणकीहून गांजेगावच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. उन्हाळ्यात नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त दिसतात. पावसाळ्यात मात्र पुलावरून पाणी गेले की दोन्ही काठांचे लोक आपापल्या जागी अडकतात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, पलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला, तेव्हापासून १९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांची हद्द होती. पलीकडे हाली सिक्का, करोडगिरीचे नाके, कारभाराची भाषा उर्दू. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. आमच्या घरात दर पिढीला एक मुलगी नदीपलीकडे गेली आणि एक सून पलीकडून आली.

हिमायतनगर, भोकर करत, गोदावरी ओलांडून नरसीवरून देगलूरकडे वळलो तशी मातीची काळी छटा फिकी होत गेली. मग शेताच्या कडेला पहिली तांबूस शिळा दिसली. मुलांनी गाडी थांबवायला लावली.

फुफीचे घर शेतातच आहे. वाडा म्हणावे एवढे मोठे नाही. पण सगळे ग्रॅनाइटचे, आणि इथेच आम्हाला दोन्ही दगडांमधला खरा फरक समजला. ग्रॅनाइट सरळ फाटतो. शिळेत एका ओळीत भोके पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी ठोकायच्या आणि आवाज बदलेपर्यंत ठोकत राहायचे. मग शिळा त्या ओळीवर दुभंगते. पातळ थर हवा असेल तर वर जाळ करून दगड तापवतात, म्हणजे पापुद्र्यासारखा सुटतो. त्यामुळे फुफीकडे गोठ्याचे खांब दगडाचे आहेत, एकेक आठ-नऊ फुटी आणि अखंड. दाराची चौकट दगडी, बैल बांधायचे खुंटही दगडी, कुंपणाला लाकूड नाहीच. आमच्या गावच्या खाणीतून निघणाऱ्या दगडाचे तुकडे आखूड. त्याची भिंत उत्तम होते, पण खांब आणि तुळया लाकडाच्या घ्याव्या लागतात. म्हणून आमच्या वाड्याला वाळवीची धास्ती आणि फुफीच्या घराला नाही. हैदराबादच्या मक्का मशिदीच्या प्रचंड कमानी याच जातीच्या दगडाच्या आहेत, हे फुफी दर वेळी सांगते. जणू शिल्लक राहिलेल्या दगडात तिच्या सासऱ्यांनी गोठा बांधला!

दगड कोणताही असो, शेतकऱ्याचे घर साधारण सारखेच विचार करते. इंग्लंडच्या डेव्हन भागात डार्टमूर नावाचे माळरान आहे. तिथे मध्ययुगातली ग्रॅनाइटची लांबोळकी शेतघरे अजून उभी आहेत. एकच दार, माणसे उताराच्या वरच्या बाजूला, जनावरे खालच्या बाजूला, मधून मूत वाहून जायला नाली. थंडीत जनावरांची ऊब माणसांना मिळे. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात धान्याची कोठारे दगडी खांबांवर उचललेली असतात आणि खांबांच्या डोक्यावर चपटे गोल दगड असतात, उंदीर वर चढू नये म्हणून. तिकडे पाऊस फार, म्हणून त्यांनी धान्य जमिनीपासून वर नेले. आमच्याकडे ऊन फार, म्हणून दादांनी ते जमिनीखाली पुरले. तिथल्या अनेक घरांची सरकारदरबारी नोंद झाली आहे. आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे, पण तो किल्ले, मकबरे, मंदिरे अशा यादीत घेतलेल्या वास्तूंसाठी. खेड्यातला राहता वाडा त्यांत सहसा येत नाही. तो राहतो की जातो, हे वारसांच्या सह्यांवर ठरते.

सह्यांसाठीच तर आम्ही गेलो होतो.

दादांच्या नंतर वाडा दोघा भावांत वाटला गेला. चौकाच्या मधोमध दोरी धरली, पूर्वेचे दहा खण आमच्या अब्बांना, पश्चिमेचे दहा चाचाजानना. फुफीला काही नाही. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती रडली नाही, भांडली नाही. भावांशी माहेर तुटू नये म्हणून बहिणी करतात तेच तिने केले. आमचे अब्बा पाचवेळचे नमाजी होते, जकातीचा हिशेब पैशापर्यंत लिहीत. पण सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट लिहिलेला असताना त्यांनी ती सही घेतली आणि आम्ही मोठे झाल्यावरही त्यांना त्याबद्दल कधी विचारले नाही. सोपा हिशेब होता. दोन मुलगे, एक मुलगी, म्हणजे पाच भाग. दोन, दोन आणि एक. वीस खणांचे आठ, आठ आणि चार. सातवीच्या मुलालाही जमेल. आमच्याकडे दोन खण जास्त आहेत आणि चाचाजानकडे दोन.

वाडा विकायचा झाला तर त्या पैशातला पाचवा भाग फुफीला द्यावा, असे आम्ही भावंडांनी ठरवले होते. तेच सांगायला गेलो. फुफी गोठ्याच्या दगडी खांबाला टेकून बसली होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पैसे नको मेरे कू. मेरे खण देव."

कोणते, असे आम्ही विचारले. तिला विचार करावा लागला नाही. उत्तरेचे मधले चार. बळद, जाते आणि पेव. लग्नाआधी रोज फजरनंतर ती त्याच ओसरीत दळायला बसायची.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मग आमच्या धाकट्या भावाला एकदम लक्षात आले आणि तो हसायलाच लागला. उत्तरेच्या सहा खणांतले मधले चार म्हणजे दोन आमच्या बाजूचे आणि दोन चाचाजानच्या. वाटणीची रेघ बळदीच्या पोटातून जाते. तुळया एका खणातून दुसऱ्या खणात गेलेल्या आहेत, भिंत सलग आहे. ते चार खण उभे ठेवायचे तर शेजारचे पाडता येत नाहीत. फुफी सत्तरीची आहे, शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिला हे ठाऊक होते की नव्हते, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

हक्कसोड झालेली, म्हणून आता द्यायचे ते हिब्याने. हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने दिले म्हणायचे, घेणाऱ्याने घेतले म्हणायचे, आणि ताबा. न वाटलेल्या मालमत्तेतला मोघम हिस्सा देऊन भागत नाही, तो वेगळा करून हातात द्यावा लागतो, असे ढाणकीतल्या एका जाणत्या बुजुर्गांनी सांगितले. कागदही वकिलाकडून नीट करून घ्या, असे त्यांनी बजावले, कारण पुढची पिढी तोंडी गोष्टी विसरते. आम्ही आमच्या दोन खणांचे ठरवून टाकले. चाचाजानना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सोचता हूँ." त्यांच्या थोरल्या मुलाने नंतर स्वतंत्र फोन करून आम्हाला पुष्कळ सुनावले. ठेकेदाराचा बयाणा परत करावा लागेल, तुम्हाला पगार आहे म्हणून दगड सुचतात, आम्हाला मुलीची फी भरायची आहे. त्याचे हे बोलणे खोटे नाही. बाप हयात असताना मुलांचा मालमत्तेत हक्क नसतो, हे त्यालाही माहीत आहे आणि आम्हालाही. पण ते त्याला ऐकवायला आमची जीभ उचलली नाही.

मे महिन्याच्या अखेरीस फुफी आली. नदी कोरडी होती, वाट सोपी होती. गवंड्यांनी गेरूने दोन खणांच्या सीमेवर रेघ मारली. सगळ्या माळवदावर पांढरी माती टाकायला त्यांनी सहा ट्रॉल्या सांगितल्या. आम्ही तीन आणल्या, आमच्या बाजूपुरत्या. गवंडी म्हणाले, "पाणी काय रेघ पाहून थांबत नाही, सर." मग उधारीवर आणखी तीन आल्या.

आम्ही फुफीला सांगितले, हे दोन खण तुमचे. ती म्हणाली, कबूल. आता ताबा कसा द्यायचा या विचारात आम्ही होतो, तेवढ्यात तिने पिशवीतून देगलूरहून आणलेले नवे कुलूप काढले. बळदीच्या खालच्या तोंडाला जुनी लोखंडी कडी होती. जंग खरवडून तिच्यात ते कसेबसे बसले. किल्ली तिने बटव्यात टाकली, दुसरी आमच्या मुलीच्या हातात दिली आणि जात्याच्या खुंट्याला हात लावून पाहिला. खुंटा हलत होता. गवंड्यांना म्हणाली, हा आधी बसवा, आणि टाकी लावणारा कोणी अजून असेल तर त्याला बोलवा.